जिप्सीच्या पुढच्या एक्सलची टकटक : जॉइंट बदलण्याआधी आणि बदलताना

फोर व्हीलमध्ये टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकातून टक-टक-टक ऐकू आलं, की गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात होतं : ‘जॉइंट गेला’, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा एक्सलच्या टोकाचा सांधा गेला. निदान बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण तेवढ्यावर नवा जॉइंट आणून टाकला, की दोन पावसाळ्यांत तोच आवाज परत येतो. कारण जिप्सीचा जॉइंट सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. कधी आतला ऑइल सील, कधी बंद पडलेला ब्रीदर (एक्सलमधल्या हवेला ये-जा करू देणारं तोंड), कधी गोळ्यावरचं फाटलेलं रबर. जॉइंट बदलायचं काम मोठं नाही. नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उघडलेलाच आहे तर बाकीचं सगळं बघून घेणं, हे खरं काम.

हे सगळं मारुती जिप्सी धरून लिहिलं आहे. १९८५ साली आलेली ९७० सीसीची एमजी ४१० आणि १९९६ पासूनची १.३ लीटर ‘किंग’, दोन्हींची पुढच्या एक्सलची रचना एकाच जातीची आहे : पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला अखंड एक्सल, त्याच्या दोन्ही टोकांना पोकळ गोळा, गोळ्यावर फिरणारा नकल, वर-खाली किंगपिन (ज्यांवर नकल वळतो त्या खुंट्या), आणि गोळ्याच्या पोटात ग्रीसमध्ये बुडालेला बर्फील्ड जातीचा सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनातही एकसारख्या वेगाने फिरणारा. जुन्या महिंद्रा जीपवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं थोडं आहे, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्यांत सीव्ही नसून क्रॉस (अधिकच्या खुणेच्या आकाराचा सांधा) असतो आणि त्याचं दुखणं निराळं.

आधी आवाज कोणाचा ते ठरवा

सीव्ही जॉइंटमध्ये सहा छर्रे असतात. बाहेर घंटेच्या आकाराची वाटी, आत चांदणी, दोघांना समोरासमोर वळणदार खाचा, खाचांत छर्रे आणि छर्रे जागेवर ठेवणारी जाळी. चाक सरळ असताना छर्रे खाचेत जवळजवळ एकाच जागी राहतात. चाक वळलं की प्रत्येक फेरीत ते खाचेत पुढे-मागे सरकतात. खाच जिथे घासून खड्डा पडलाय, तिथे छर्रा अडखळतो आणि टक आवाज येतो. म्हणून झिजलेला सीव्ही सरळ रस्त्यावर गप्प असतो आणि वळणात, लोड असताना बोलतो.

लोड हा शब्द महत्त्वाचा. टू व्हीलमध्ये, फ्री-व्हील हब (चाक शाफ्टला जोडायचं-सोडायचं साधन) ‘फ्री’वर असताना पुढचा शाफ्ट फिरतच नाही, त्यामुळे तेव्हा येणारा कोणताही आवाज जॉइंटचा नाही. हब ‘लॉक’, पण गाडी टू व्हीलमध्ये : शाफ्ट फिरतो, लोड नाही, झिजलेला जॉइंटही बहुधा शांत. हब लॉक आणि फोर-लो (फोर व्हीलचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) : इथे तो बोलणारच. तपासणी याच क्रमाने करा, आणि मोकळ्या मातीच्या मैदानात करा. डांबरी किंवा काँक्रीट रस्त्यावर फोर व्हील टाकून पूर्ण वळण मारायचं नाही. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही. वळणात पुढची चाकं मागच्यापेक्षा लांबचा रस्ता कापतात, ट्रान्स्फर केस (दोन्ही एक्सलकडे ताकद पाठवणारी गिअरपेटी) मात्र दोन्ही एक्सलना एकाच वेगाने फिरवतो. मातीत टायर घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर निघत नाही, आणि सगळा पीळ सर्वांत अशक्त कोनात उभ्या असलेल्या पुढच्या जॉइंटवर जाऊन बसतो. चांगला जॉइंट फोडायची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

आता बाकीचे संशयित. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन. डावं-उजवं धरून हलवताना प्ले असेल तर टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांडीचं टोक) किंवा स्टिअरिंग बॉक्स बघा. ५०-६० च्या वेगाला खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गाडी हळू करेपर्यंत थांबत नाही, ही तक्रार सीव्हीची नसते. ती जवळजवळ नेहमी किंगपिनचा ताण कमी झाल्याची असते. अशा गाडीला स्टिअरिंग डॅम्पर नवा बसवला की काही महिने थरथर दबते. रोग तसाच राहतो, आणि किंगपिनच्या बेरिंगची वाटी दरम्यान पूर्ण खराब होते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघायची. चाकाच्या आतल्या बाजूला नकलखाली काय गळतंय? जाडसर काळं ग्रीस थोडंसं बाहेर आलंय, तर गोळ्यावरचं रबर थकलंय. पातळ, वाहणारं, गिअर ऑइलचा उग्र वास असलेलं काळं पाणी टायरच्या आतल्या भिंतीवर ओघळलंय, तर आतला ऑइल सील गेलाय आणि हाऊसिंगचं (एक्सलच्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीसचं सार झालंय. कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर पाणी गेलंय. यातलं दुसरं किंवा तिसरं असेल तर आवाज नसला तरी नकल उघडा. आवाज यायला लागेपर्यंत वाट पाहिली तर सीलच्या किमतीचं काम जॉइंटच्या किमतीवर जातं.

पाणी आत जातं कसं

याचं उत्तर लोकांना खोल पाण्यात सापडतं. पण वेल्हे, मुळशीकडच्या ओढ्यांत जेमतेम हबपर्यंत पाणी असतं, तरी एक्सलमध्ये पाणी सापडतं. घाट चढून आलेला एक्सल गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तो थंड ओढ्यात बुडाला की हवा एकदम आकसते आणि आत ओढ तयार होते. हाऊसिंगवरचा ब्रीदर मोकळा असेल आणि पाण्याच्या वर असेल तर तो हवा आत घेतो. लाल चिखलाने बुजला असेल तर ओढ सीलच्या ओठातून पाणी खेचते. ब्रीदरच पाण्याखाली असेल तर तो सरळ पाणीच पितो. उलट दिशेनेही तेच : बुजलेल्या ब्रीदरमुळे गरम हवेचा दाब बाहेर पडत नाही आणि ऑइल आतल्या सीलमधून नकलकडे ढकललं जातं. नवा सील टाकून महिन्याभरात परत गळायला लागलेली बहुतेक प्रकरणं इथली असतात. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवा, फुंकून बघा. त्याहून चांगलं म्हणजे ब्रीदरच्या जागी निप्पल बसवून तेल सहन करणारी रबरी नळी इंजिनखोलीत फायरवॉलच्या वरच्या कडेपर्यंत न्या आणि टोकाला छोटा इंधन फिल्टर लावा. नळीला पुरेशी ढील ठेवा, कारण एक्सल पाट्यांवर वर-खाली होतो. ताणून बांधलेली नळी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात निसटते.

दुसरा चोर म्हणजे वॉशिंग सेंटर. ट्रिपहून आल्यावर प्रेशरचा फवारा थेट गोळ्याच्या कडेवर मारला जातो. तिथला नमदा (दाबलेल्या लोकरीची पट्टी) आणि रबर चिखल पुसायला आहेत, प्रेशरचं पाणी अडवायला नाहीत. गोळा लांबून, साध्या पाइपने धुवा आणि नंतर फडक्याने पुसून ग्रीसचा हलका हात फिरवा.

काय काय आणून ठेवायचं

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत जिप्सीचा माल अजून मिळतो, फक्त एका फेरीत सगळं मिळेल ही आशा ठेवू नका. काम सुरू करण्याआधी पुढच्या वस्तू हातात हव्यात : दोन्ही बाजूंचे आतले ऑइल सील, गोळ्याचा सील सेट (नमदा, रबर, पत्र्याच्या अर्धगोल पट्ट्या), किंगपिन बेरिंग बाजूला दोन म्हणजे एकूण चार, वाट्यांसकट, किंगपिनच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या), हबचा ग्रीस सील, व्हील बेरिंगचं लॉक वॉशर, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), आणि हबच्या पॅकिंग. लॉक वॉशर जुनं परत वापरू नका, त्याची जीभ एकदा वाकवून सरळ केली की पुढच्या वेळी तुटते. गिअर ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, पुढच्या हाऊसिंगला २ लीटर. ग्रीस लिथियम बेसचं, मॉलिब्डेनम असलेलं, दोन्ही बाजूंना मिळून किलोभर घेतलं तर चिंता नाही. व्हील बेरिंगला साधं लिथियम व्हील बेरिंग ग्रीस वेगळं घ्या. जुन्या ग्रीसवर नवं चोपडायचं नाही. वेगळ्या बेसची ग्रीस एकत्र आली तर दोन्ही पातळ होऊन वाहतात, त्यामुळे जुनं पूर्ण धुऊनच नवं भरा.

नवा जॉइंट घेताना एक्सलचा तुकडा सोबत न्या. दातांची संख्या, शाफ्टची जाडी आणि टोकाच्या सर्क्लिपची खाच तिथेच जुळवून बघा. नुसतं ‘जिप्सीचा द्या’ म्हटलं की ४१० आणि किंग यांची गल्लत होते. दुकानातच जॉइंट हातात घेऊन पूर्ण कोनात फिरवा. घट्ट पण सलग फिरला पाहिजे, कुठेही अडखळता कामा नये. खाचा चमकदार आणि एकसारख्या घासलेल्या हव्यात. टर्निंगच्या रेषा डोळ्यांना दिसत असतील तर तो माल तिथेच ठेवा. स्वस्त जॉइंटचा दोष मापात क्वचित असतो. तो असतो पृष्ठभागाच्या कडकपणात, आणि तो दुकानात दिसत नाही, फोर-लोमध्ये दिसतो. जिप्सी किंगचा ट्रान्स्फर हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८. म्हणजे लो टाकल्याबरोबर जॉइंटवर येणारा पीळ हायच्या दीडपटीहून जास्त होतो. मऊ खाच तिथे एका उन्हाळ्यात खड्डे धरते.

हत्यारांत नेहमीच्या गोट्या (सॉकेट) आणि पान्यांखेरीज तीन गोष्टी लागतात : व्हील बेरिंगच्या नटाचा खाचांचा बॉक्स पाना, पितळी ड्रिफ्ट (ठोकायची दांडी), आणि लटकवायचा स्प्रिंग काटा. खाचांचा पाना मिळाला नाही तर जुन्या पाइपपासून भोसरीत कुठलाही लेथवाला नटाच्या मापाचा बनवून देतो. नट छन्नीने सोडवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. छन्नीने नटाच्या खाचा फाटतात, धातूचे तुकडे बेरिंगमध्ये जातात, आणि परत लावताना नट किती घट्ट झाला याचा अंदाज छन्नीच्या घावावरून कोणालाही येत नाही.

उघडताना

सपाट जागा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक. जिप्सीचा हँडब्रेक बऱ्याच गाड्यांत नावालाच असतो, म्हणून दगड. जॅक एक्सलखाली, आणि एक्सलच्या दोन्ही बाजूंना पाट्याच्या बैठकीजवळ घोड्या (आधाराची स्टँड). नुसत्या जॅकवर हातोडा चालवायचा नाही. आधी हाऊसिंगचं ऑइल काढून घ्या, नाहीतर शाफ्ट बाहेर येताच ते गोळ्यातून तुमच्या मांडीवर येतं. काढलेलं ऑइल बघा : दुधी असेल तर पाण्याचा पुरावा मिळालाच, आणि मागच्या हाऊसिंगचंही तपासायला हवं.

हबचं झाकण, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप, हब बॉडी, मग लॉक वॉशरची जीभ सरळ करून नट. डिस्क असेल तर कॅलिपर सोडून तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नका. हब-डिस्क बेरिंगसकट बाहेर येतं. मग स्पिंडलचे (ज्यावर चाकाची बेरिंग बसतात त्या पोकळ दांडीचे) बोल्ट, आणि कडेवर प्लास्टिकच्या हातोड्याने चार बाजूंनी ठोकलं की स्पिंडल सुटतो. त्याच्या आतली बुश बोटाने बघा. जॉइंटची दांडी हिच्यात फिरते. बुश अंडाकृती झाली असेल तर नवा जॉइंटसुद्धा डगमगत फिरेल आणि पुढे बाहेरचा सील खाईल. ही बुश तपासायची बहुतेक जण विसरतात.

शाफ्ट ओढताना तो दोन्ही हातांनी तोलून, सरळ बाहेर काढा. सील बदलायचाच असेल तर त्याची फिकीर नाही, पण परत घालताना हीच गोष्ट जीवावर बेतते : शाफ्टचे दात नव्या सीलच्या ओठावरून घासले की सील बसवल्या दिवशीच गेला. डावा आणि उजवा आतला शाफ्ट एका लांबीचे नाहीत, कारण हाऊसिंग मध्यावर नाही. दोन्ही एकदम काढत असाल तर खडूने खूण करा.

आता नकल. टाय रॉड एंड सोडा, गोळ्याच्या मागच्या अर्धगोल पट्ट्या सोडा, मग वरचा आणि खालचा किंगपिन. वरच्या किंगपिनखालच्या शिम ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा, आणि वरचा किंगपिन व खालचा किंगपिन यांना वेगवेगळ्या खुणा करा. नकल बाहेर ओढताना खालचं बेरिंग चिखलात पडतं, म्हणून खाली ट्रे ठेवा.

सगळं रॉकेलने धुतल्यावर खरं चित्र दिसतं. गोळ्याचा बाहेरचा भाग बोटाने चाचपा. गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर त्यावर घासून पुन्हा फाटेल. बारीक खड्डे बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून चालतात. खोल असतील तर धातूभरणाची पेस्ट भरून, वाळल्यावर घासून सपाट करा. हा कामचलाऊ उपाय आहे, पण चालतो. किंगपिन बेरिंगच्या वाटीत आडव्या रेषांसारखे ठसे दिसतील, बरोबर गाडी सरळ जाताना रोलर जिथे उभे असतात तिथे. हे ठसे असलेली वाटी ठेवून नुसतं वरचं बेरिंग बदललं तर स्टिअरिंग मधोमध अडकल्यासारखं वाटतं, आणि मग लोक स्टिअरिंग बॉक्सला दोष देतात.

आतल्या शाफ्टवर जिथे सीलचा ओठ बसतो, तिथे नखाने लागेल अशी चर पडली आहे का बघा. पडली असेल तर नवा सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. सील पूर्ण आत न ठोकता दोनेक मिलिमीटर अलीकडे बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसेल. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, म्हणजे हाऊसिंगकडे. उलटा बसवलेला सील दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि ऑइल अडवत मात्र नाही.

जुना जॉइंट फेकण्याआधी

वाटीतल्या चांदणीवर पितळी ड्रिफ्टने ठोकलं की आतला शाफ्ट सर्क्लिप दाबून सुटतो. जॉइंट धुऊन, चांदणी पूर्ण तिरकी करून छर्रे एकेक काढा आणि खाचा उजेडात बघा. जाळीला केसाएवढी जरी चीर दिसली तरी जॉइंट बाद, चर्चा नाही. चीर नसेल आणि खाचांची एकच भिंत झिजली असेल, तर एक जुनी युक्ती आहे : डावीकडचा जॉइंट उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. गाडी बहुतांश वेळ पुढे जाते, त्यामुळे प्रत्येक बाजूला खाचेची ठराविक भिंतच लोड घेते. बाजू बदलली की न झिजलेली भिंत कामाला लागते आणि आवाज जातो. बदलायचा तो बाहेरचा वाटीचा भाग, आतला लांब-आखूड शाफ्ट आपापल्या जागीच. युक्तीचं आयुष्य मूळ जॉइंटएवढं नसतं, आणि रिव्हर्समध्ये जोर लावला तर झिजलेली भिंत पुन्हा बोलते. ज्याची जिप्सी महिन्यातून एकदा मातीत उतरते त्याच्यासाठी हे चांगलं. ज्याला दर रविवारी दगडांत खेळायचंय त्याने नवेच घ्यावेत, आणि दोन्ही बाजूंचे घ्यावेत.

बसवताना : किंगपिन आणि ग्रीस

बेरिंगच्या वाट्या गोळ्यात ठोकताना पितळी ड्रिफ्ट चारही बाजूंनी आळीपाळीने चालवा. आवाज बोथट ऐवजी खणखणीत झाला की वाटी बसली. बेरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन दाबून भरा, नुसतं वरून माखू नका.

आता ज्यावर थरथर ठरते ते काम. गोळ्याचं रबर अजून पट्ट्यांनी आवळलेलं नाही, शाफ्टही घातलेला नाही, फक्त नकल किंगपिनवर उभा आहे, अशा वेळी टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काट्याचा आकडा अडकवा आणि काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होताना काटा १.० ते १.८ किलोच्या दरम्यान असला पाहिजे. कमी दाखवला तर वरच्या किंगपिनखालची शिम काढा, जास्त दाखवला तर घाला. दर वेळी बोल्ट पुन्हा आळीपाळीने घट्ट करून, नकल दोन्ही बाजूंना काही वेळा पूर्ण फिरवून, मगच मोजा. हाताच्या अंदाजाने ‘बरोबर वाटतंय’ म्हणून सोडलेला किंगपिन एकतर ढिला राहतो, नाहीतर इतका घट्ट होतो की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही. पाव तासाचं हे मोजमाप बहुतेक गॅरेजांत होत नाही, आणि जिप्सी शहात्तर ठिकाणी नीट करूनही डगमगते याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

मोजमाप झाल्यावर नमदा, रबर आणि पट्ट्या. नमदा तेलात बुडवून घ्या, कोरडा बसवला तर तो गोळा खरवडतो. रबर अखंड असेल तर नकल चढवायच्या आधीच, म्हणजे मोजमापाच्याही आधी, गोळ्यावर मोकळं ओवून ठेवावं लागतं. हे विसरलात तर सगळं परत सोडायचं.

जॉइंटमध्ये ग्रीस बोटाने दाबत राहा, चांदणीच्या पलीकडून बाहेर येईपर्यंत. छर्रे, जाळी, खाचा यांत कुठेही पोकळी नको. शाफ्ट आत घालण्याआधी गोळ्याची पोकळी साधारण दोन-तृतीयांश भरा. काठोकाठ भरलेलं ग्रीस गरम होऊन फुगतं आणि तेच नव्या रबराला बाहेर ढकलतं. शाफ्टचे दात हाऊसिंगच्या गिअरमध्ये गेले नाहीत तर ठोकू नका. समोरचं चाक किंवा प्रोपेलर शाफ्ट किंचित फिरवा, दात आपोआप मिळतात.

पुढची जोडणी उलट क्रमाने. व्हील बेरिंगचा नट हब फिरवत फिरवत घट्ट करा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग थोडा सैल करून मॅन्युअलमधल्या मापावर आणा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि वर-खाली प्ले शून्य. शेवटी २ लीटर ऑइल, आणि भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंतच.

दीड-दोनशे किलोमीटर झाल्यावर नकलखाली बघा. ग्रीसचा पातळ थर बाहेर आलेला चालतो, नमदा स्थिरावतोय. पातळ ऑइल दिसलं तर आतला सील पुन्हा. किंगपिनचे बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर एकदा तपासा.

हबवाल्या गाड्यांना एक सूचना. वर्षभर हब ‘फ्री’वर ठेवून शहरात फिरलेल्या जिप्सीत जॉइंट झिजत नाही, गंजतो. छर्रे महिनोन्‌महिने एकाच जागी उभे, ग्रीस तळाला उतरलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्याच ठिपक्यावर. महिन्यातून एकदा हब लॉक करून, गाडी टू व्हीलमध्येच ठेवून दहा-पंधरा किलोमीटर चालवा. ग्रीस परत वर येतं.

जुन्या महिंद्रावाल्यांसाठी

उघड्या नकलच्या जीपमध्ये चाकाजवळ क्रॉस असतो, चार टोप्या आणि सुयांसारखे बेरिंग. हा जॉइंट सीव्ही नाही. कोनात फिरताना बाहेरच्या दांडीचा वेग एका फेरीत दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. ३० अंशाच्या कोनात तो सरासरीच्या वर साधारण १५ टक्के आणि खाली साधारण १३ टक्के जातो. फोर व्हीलमध्ये पूर्ण वळणात स्टिअरिंगला बसणारे ते ठेके म्हणजे बिघाड नव्हे, त्या जॉइंटचा स्वभाव आहे. बिघाडाची खूण वेगळी : सुरुवातीला चिमणीसारखी चिवचिव, टोपीच्या कडेला तांबूस भुकटी, आणि नंतर गिअर टाकताना खट्ट.

चिवचिव ऐकू आली तेव्हाच क्रॉस बदला. दोन गोट्या आणि बाकाचा व्हाइस एवढ्यात काम होतं : लहान गोटीने ढकलायचं, मोठ्या गोटीत टोपी उतरवायची. नवी टोपी घालताना सर्क्लिप बसायला जागा उरली नाही तर हातोडा उचलू नका. आत एक सुई आडवी पडलेली आहे. टोपी काढा, सुया ग्रीसमध्ये उभ्या चिकटवा, परत दाबा. टोपी शाफ्टच्या कानात सैल फिरत असेल तर कान पसरले आहेत आणि शाफ्टच बदलायचा. तिथे वेल्डिंगचे ठिपके मारून टोपी पकडायची पद्धत सर्रास आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने टोपीचा कडकपणा जातो, आणि पुढच्या वेळी क्रॉस काढताना कान कापावा लागतो.

जंगलात तुटला तर

जिप्सीचा जॉइंट वाटेतच फुटला तर हब ‘फ्री’ करून टू व्हीलमध्ये परत येता येतं, असं सांगितलं जातं. वाटी अखंड असेल तरच हे खरं. वाटीचा तुकडा उडाला असेल तर तो नकलच्या पोटात अडकतो आणि एखाद्या वळणावर स्टिअरिंग कुलूप लागल्यासारखं होतं. ताम्हिणीच्या उतारावर हे नको. तुकडे बाहेर काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

जिप्सीचं चाक शाफ्टवर नाही, स्पिंडलवरच्या बेरिंगवर उभं असतं. त्यामुळे शाफ्ट पूर्ण काढूनही चाक जागेवर राहतं. स्पिंडल काढा, शाफ्ट आणि सगळे तुकडे बाहेर घ्या, स्पिंडल-हब परत लावा, दोन्ही हब ‘फ्री’ करा आणि टू व्हीलमध्ये या. शाफ्ट नसताना आतला सील उघडा पडतो आणि हाऊसिंगचं ऑइल नकलमध्ये उतरतं, म्हणून एक्सलच्या नळीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा घट्ट बोळा बसवा. बोळ्याला तार बांधून तिचं टोक नळीच्या तोंडाशी दिसेल असं ठेवा, आणि स्टिअरिंगवर कागद चिकटवून लिहा : ‘उजव्या नळीत बोळा आहे.’ काम करणारा मेकॅनिक दुसरा असू शकतो.